पडद्यावर पूर्ण ओळ, फाइलमध्ये आठच अक्षरं

प्रश्न : सी भाषेत मी मॅलॉकने घेतलेल्या जागेत स्ट्रकॅटने तुकडे जोडत नोंदीची ओळ तयार करतो. पडद्यावर ती पूर्ण दिसते, फाइलमध्ये मात्र पहिली 8 अक्षरंच उतरतात. फाइलमध्ये लिहिणाऱ्या एफराइटला लांबी म्हणून साइझऑफ दिलं आहे. आधी मॅलॉकऐवजी 200 अक्षरांचा अ‍ॅरे, म्हणजे ठरलेल्या लांबीची जागा होती, तेव्हा ओळ पूर्ण यायची, पण तिच्यामागे कचराही यायचा. चूक कुठे आहे?

उत्तर : दोन्ही वेळची चूक एकच, साइझऑफ. तुम्ही 8 हा आकडा नेमका कळवलात हे बरं केलंत, निदान तेवढ्यावरच झालं. साइझऑफ मजकूर मोजत नाही, व्हेरिएबलचा आकार सांगतो. मॅलॉककडून मिळतो तो पॉइंटर, म्हणजे जागेचा नुसता पत्ता. 64 बिटांच्या यंत्रावर तो 8 बाइटांचा असतो, मग तो दाखवतो त्या जागी दहा अक्षरं असोत की दहा हजार. अ‍ॅरे होता तेव्हा उत्तर 200 यायचं आणि ओळ 60 अक्षरांत संपली तरी उरलेले 140 बाइट फाइलमध्ये जायचे. तोच तुमचा कचरा.

तिथे मजकुराची लांबी मोजणारा स्ट्रलेन द्या. मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट तो मोजत नाही आणि फाइलला तो नकोच असतो. मॅलॉकला मात्र स्ट्रलेनपेक्षा एक बाइट जास्त मागावाच लागतो. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये हा एक बाइट राहून गेला होता. ओळी अगदी बरोबर छापल्या जायच्या आणि प्रोग्रॅम कोसळायचा तो भलतीकडेच, घेतलेली जागा फ्री करताना, म्हणजे परत देताना. दोन दिवस मी फ्रीच्या आसपासच शोधत बसलो होतो.

नोंदी मराठीत असतील तर लक्षात असू द्या, स्ट्रलेन अक्षरं नव्हे, बाइट मोजतो. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात ‘मराठी’ची लांबी 15 येते. एफराइटला बाइटच हवे असल्याने इथे ते योग्यच आहे.

आता न विचारलेलं सांगतो. ओळ फक्त फाइलसाठीच असेल तर ती आधी जोडताच कशाला? प्रत्येक तुकडा सरळ एफप्रिंटएफने लिहा. बफर, म्हणजे लिहिण्याआधी मजकूर साठवायची जागा, तो स्वतःच सांभाळतो, आणि स्ट्रकॅट दर वेळी ओळीच्या सुरुवातीपासून शेवट शोधत जातो तो फेराही वाचतो. पूर्ण ओळ हातात हवीच असेल, तर ओळ फाइलऐवजी मेमरीत जुळवणाऱ्या एसएनप्रिंटएफला जागा म्हणून नल (रिकामा पॉइंटर) आणि आकार म्हणून शून्य देऊन आधी लांबी विचारा. सी 99, म्हणजे भाषेच्या 1999च्या मानकापासून ही सोय आहे. तयार ओळ एफप्रिंटएफला फॉरमॅट, म्हणजे छपाईचा साचा म्हणून कधीही देऊ नका. मजकुरात टक्क्याचं चिन्ह आलं की तो नसलेली व्हॅल्यू शोधू लागतो. तिथे मजकूर आहे तसा लिहिणारा एफपुट्स वापरा. फक्त ओळ संपल्याची खूण तुम्हालाच घालावी लागेल.

आणि फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजचं उत्तर तपासा. मजकूर तोवर बफरमध्येच असू शकतो, त्यामुळे डिस्क भरलेली असेल तर पुष्कळदा ते तिथेच कळतं.