शेअर्ड होस्टिंगवर रोज दुपारी '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' येतं. साइट वर्डप्रेसची, गर्दी नाही, डिस्क आणि बँडविड्थ भरपूर शिल्लक. मग संपतंय काय?

संपतायत त्या एंट्री प्रोसेस. ५०८ हा क्लाउडलिनक्स (प्रत्येक खात्याला मर्यादा घालणारी सर्व्हरची प्रणाली) वापरणाऱ्या होस्टिंगचा एरर. डिस्क आणि बँडविड्थशी त्याचा काही संबंध नाही.

एंट्री प्रोसेस म्हणजे एकाच क्षणी तुमच्या खात्यात चालू असलेल्या पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) विनंत्या. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड देण्याचं) लॉगिनही त्यातच धरले जातात. मर्यादा २० असली म्हणजे २० माणसं नव्हेत. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर २० मध्ये सेकंदाला ४० पानं निघतात. तेच पान १० सेकंद रेंगाळलं तर फक्त २. म्हणून एकही माणूस वाढला नसताना ५०८ येऊ शकतो.

सीपॅनेलमध्ये (होस्टिंग खात्याच्या नियंत्रण पानावर) मेट्रिक्सखाली 'रिसोर्स युसेज' उघडा, 'डिटेल्स' दाबा. वेळ सर्व्हरची असते. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवून वाचा, नाहीतर भलत्याच तासात शोधत बसाल. आता एंट्री प्रोसेसचे फॉल्ट (मर्यादा गाठल्याच्या नोंदी) ज्या वेळी दिसतात, त्याच वेळचा सीपीयू आणि आयओचा (डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा) आलेख बघा. ही जुळणी बहुतेक जण करत नाहीत आणि थेट महागडा प्लॅन घेतात.

सीपीयू किंवा आयओ संपलं की एरर येत नाही, फक्त वेग दाबला जातो. विनंत्या तुंबतात आणि मग एंट्री प्रोसेस भरतात. त्यामुळे यांपैकी एखादी रेघ मर्यादेला चिकटून सपाट धावत असेल तर मूळ दुखणं तिथे आहे. दोन्ही आलेख खाली आणि एंट्री प्रोसेस मात्र भरलेल्या, असं असेल तर पीएचपी कशाची तरी वाट बघत बसलंय: लॉक झालेलं डेटाबेस टेबल, किंवा उत्तर न देणारा बाहेरचा एपीआय (दुसऱ्या सेवेशी असलेली जोडणी). मेमरीचं वेगळं. ती संपली की प्रोसेस मारली जाते आणि ५०० किंवा ५०३ दिसतो.

नेमकं कोण खातंय ते 'स्नॅपशॉट' टॅबमध्ये कळतं. फॉल्टच्या वेळची नोंद निवडा. त्या क्षणीच्या प्रोसेस, डेटाबेस क्वेरी आणि एचटीटीपी विनंत्या दिसतील. 'एक्सएमएल-आरपीसी' (बाहेरून साइटशी जोडणी करू देणारी वर्डप्रेसची फाइल) किंवा 'डब्ल्यूपी-लॉगिन'च्या ओळींचा मारा असेल तर ते पासवर्ड फोडू बघणारे बॉट. एक्सएमएल-आरपीसी एचटीअ‍ॅक्सेसमधूनच (सर्व्हरचे नियम लिहिलेल्या फाइलमधून) बंद करा. सुरक्षेच्या प्लगइनने अडवलं तरी आधी पीएचपी चालू होतंच, म्हणजे एंट्री प्रोसेस गेलीच. (मोबाइल अ‍ॅप किंवा जेटपॅक प्लगइन वापरत असाल तर मात्र ते बंद करण्याआधी तपासा.)

'अ‍ॅडमिन-एजॅक्स'च्या ओळी जास्त असतील तर (पान उघडं असताना ब्राउझर मागून पाठवत राहतो त्या विनंत्या) एडिटर उघडा ठेवलेले ब्राउझरचे टॅब आणि एखादं प्लगइन तपासा. 'डब्ल्यूपी-क्रॉन' (वर्डप्रेसची स्वतःची ठरल्या वेळची कामं) वारंवार दिसत असेल तर वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमधून ते बंद करून सीपॅनेलच्या क्रॉन जॉब्समध्ये दर १५ मिनिटांनी लावा.

तुमचं दुखणं रोज ठरावीक वेळी उठतं, म्हणून मी आधी बॅकअप प्लगइनची वेळ बघेन. झिप करताना सीपीयू आणि आयओ दोन्ही खेचले जातात. तो पहाटे ३ ला हलवा आणि दोन दिवस दुपारचे फॉल्ट बघा.