इलेक्ट्रोडला लागून असलेलं पाणी रामनमध्ये वेगळं कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: इलेक्ट्रोड बुडवलेल्या सेलमध्ये सगळीकडे पाणीच असताना, रामन वर्णपटात (रेणूंवरून विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशात झालेल्या बदलावरून रेणू ओळखायची पद्धत) दिसणारा सिग्नल चांदीच्या इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचाच आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं? शंका रास्त आहे. पाण्याचा एक थर साधारण 0.3 नॅनोमीटरचा. लेसरच्या वाटेत 3 मायक्रोमीटर पाणी आलं तरी ते दहा हजार थर झाले. पृष्ठभागावरचा सिग्नल दहा हजार पट वाढेल तेव्हा कुठे बरोबरी होते.

ही वाढ खडबडीत चांदीमुळे मिळते. फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी साउदॅम्प्टनला 1974 मध्ये अशाच चांदीवर पिरिडीनचा वर्णपट घेतला. पाण्याला मात्र 1981 उजाडलं, कारण त्याचा रामन सिग्नल मुळातच क्षीण. चांदी खडबडीत करायची रीत सोपी आहे: पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात चांदीचं पोटेन्शियल (तिला दिलेला विद्युतदाब) धन बाजूला न्यायचं, सिल्व्हर क्लोराइडचा थर बसू द्यायचा, मग ऋण बाजूला आणून त्याची परत चांदी करायची. आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग निस्तेज, मळकट पिवळसर दिसू लागतो. हे काम घाईत उरकू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता ओळखायचं कसं? माझा सगळ्यात जास्त भरवसा पोटेन्शियल बदलून बघण्यावर. द्रावणातल्या पाण्याला इलेक्ट्रोडच्या पोटेन्शियलचं सोयरसुतक नसतं. विद्युतक्षेत्र पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरमध्येच संपतं. त्यामुळे पोटेन्शियल ऋण करत गेल्यावर ओ-एच ताणाचा (पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध लांब-आखूड होण्याच्या कंपनाचा) पट्टा खालच्या तरंगांकाकडे (दर सेंटिमीटरमागे तरंगांची संख्या) सरकत असेल, तर ते पाणी पृष्ठभागावरचं. जागचा हलत नसेल, तर तुम्ही द्रावणच मोजताय.

दुसरी खूण पट्ट्याच्या आकारात असते. द्रावणातल्या पाण्याचा पट्टा 3000 ते 3700 प्रतिसेंटिमीटर असा ऐसपैस पसरलेला, त्याला 3200 आणि 3400 जवळ दोन उंचवटे. दाट क्लोराइड द्रावणात चांदीवर मात्र 3500 च्या आसपास एक अरुंद शिखर येतं. क्लोराइडसोबत पृष्ठभागाला चिकटलेलं हे पाणी शेजारच्या पाण्याशी फारसं बांधलेलं नसतं. शिवाय 1610 ते 1640 मधला, पाण्याचा रेणू वाकण्याच्या कंपनाचा पट्टा एरवी जेमतेम दिसतो. बऱ्याच ऋण पोटेन्शियलला चांदीवर तो ओ-एच ताणाच्या तुलनेत चांगलाच वर येतो.

जड पाण्याचा (हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असलेल्या पाण्याचा) प्रयोग जरूर करा, पण तो कशासाठी हे नीट लक्षात घ्या. त्यात पट्टा 2500 कडे जातो, पण द्रावणातलं पाणीही तसंच सरकतं. म्हणजे यातून कळतं ते इतकंच की शिखर पाण्याचं आहे, 2900 जवळच्या सेंद्रिय मळाचं नाही.

प्लॅटिनम किंवा पॅलेडियमवर काम करायचं असेल तर नुसत्या खडबडीतपणावर भागत नाही. तिथे चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या गटाने 2010 मध्ये मांडलेली पद्धत वापरा: सिलिकाचं पातळ, छिद्ररहित कवच असलेले सोन्याचे नॅनोकण गुळगुळीत स्फटिकावर पसरायचे. वाढ सोन्याकडून मिळते आणि कवचामुळे सोनं रसायनात लुडबुड करत नाही. याच मार्गाने 2021 मध्ये पॅलेडियमवर दिसलं की सोडियम आयनाभोवतीचं पाणी पृष्ठभागाजवळ ओढलं जातं आणि हायड्रोजन सुटायला मदत होते.