अठरा चॅनेलचा रेडिओ आणि साठाची उधारी

एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, घरात कमावणारे एकटेच, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल्सचा छंद आहे: दोन गाड्या, एक बोट, फोमची दोन विमानं. प्रत्येकाचा रेडिओ वेगळा, म्हणून सगळ्यांना मिळून एकच चांगला ट्रान्समीटर, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, घ्यायचाय. एक आहे नामांकित जपानी कंपनीचा अठरा चॅनेलचा (चॅनेल म्हणजे मॉडेलला देता येणारी एकेक वेगळी आज्ञा), बारा ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर. दुसरा त्याच्या साधारण पाव किमतीचा, खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारा. प्रश्न असा: “दहा वर्षं वापरणार आहे, मग महागडा घेतला तर शेवटी तोच स्वस्त पडेल ना?”

आणि मग जाता जाता दोन ओळी: “कार्डावर थोडी बाकी आहे, पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही. मुलीच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता पुढच्या महिन्यात आहे, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.”

अहो, पत्र या दोन ओळींसाठीच लिहायला हवं होतं.

तुमची ओळख झाकली जावी म्हणून सगळे आकडे पगाराच्या मापात मांडतो. हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरू. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून ८०. पॉलिसीसाठी दरमहा १० बाजूला पडतात, कार्डाला ३ जातात, छंदाला ७. झाले शंभर. कार्डावरची ‘थोडी बाकी’ आहे ६०. बचत खात्यात पडून आहेत ११०, पॉलिसीच्या १२०च्या हप्त्यासाठी. याखेरीज हाताशी काही नाही.

तुमच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के. साठावर दोनाच्या वर व्याज, त्यावर कर, म्हणजे अडीच. तुम्ही भरता ३. मुद्दल हलतं अर्ध्याने. मिनिमम ड्यू (महिन्याला भरावी लागणारी किमान रक्कम) हा बाकीच्या टक्केवारीत असतो, त्यामुळे बाकी कमी होईल तसा तोही आक्रसतो. एकही नवी खरेदी न करता हेच चालू ठेवलंत तरी दहा वर्षांनी तिसरा हिस्सा अंगावर उरलेला असेल. न चुकता भरण्याचं समाधान तुम्हाला, व्याज बँकेला. आणि हे चालू असताना त्याच घरातले ११० बचत खात्यात वर्षाला तीन टक्के कमावतायत. बेचाळीस टक्क्यांनी घेतलेलं कर्ज आणि तीन टक्क्यांनी ठेवलेले पैसे, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर!

हे पत्र वाचून होईपर्यंत ६० भरून टाका. पुढचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता ‘नो-कॉस्ट’ हप्ते. रेडिओची किंमत ९०, हप्ता साडेसात. तोच रेडिओ रोखीने ८४ला मिळतो, हे तुम्हीच लिहिलंय. मग ते ६ कसले? वर्षभरात तुमच्यावर सरासरी निम्मंच कर्ज असतं, म्हणून ८४वरचे ६ म्हणजे सात टक्के नव्हे, तेराच्या आसपास. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं. बहुतेक कार्डांवर असा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण धरला जातो, म्हणजे तुमचे ३ एकदम साडेदहा होतील. आणि आधीची बाकी उभी असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, बॅटरीचा एक पॅक घेतलात तरी पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. छंदाचे ७ होते, हप्ताच साडेसातचा. मग विमान उडवणार कशावर?

पण तुमचा प्रश्न रेडिओचा होता, तर त्याचाही हिशेब करू. तो तुम्ही अर्धाच मांडलाय. ट्रान्समीटर एकदा घ्यायचा असतो, त्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर मात्र प्रत्येक मॉडेलला एक. आजचे जवळपास सगळे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण म्हणून ते एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक कंपनीचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची भाषा, वेगळा: फुताबाचा वेगळा, स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स वेगळा, फ्लायस्कायचा एएफएचडीएस वेगळा. मोठ्या ब्रँडचा रेडिओ घेतला की रिसीव्हरही सहसा त्याच घरचे घ्यावे लागतात. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात एक रिसीव्हर ८ला आहे. रेडिओबरोबर एक येतो, उरलेल्या चार मॉडेल्सचे ३२. म्हणजे तुमचा रेडिओ ९०चा नाही, १२२चा आहे. सव्वा महिन्याचा पगार झाला.

पाव किमतीवाला २५ला आहे. हे रेडिओ दोन प्रकारांत मिळतात. एकात आत ‘फोर-इन-वन’ मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असतं: चार वेगवेगळ्या रेडिओ चिप, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांचे जुने रिसीव्हर त्याला जोडता येतात. दुसऱ्यात एक्सप्रेसएलआरएस असतं. तो खुला प्रोटोकॉल आहे, पल्ला आणि वेग दोन्हींत उत्तम, आणि रिसीव्हर दोन-अडीचला मिळतो. तुमच्या विमानांपैकी एकात एएफएचडीएस २ए आणि दुसऱ्यात डीएसएमएक्सचा रिसीव्हर आहे असं लिहिलंत. हे दोन्ही फोर-इन-वनला चालतात, म्हणून तुम्ही तोच प्रकार घ्या. मागच्या बाजूला जादा मॉड्यूलची खोबण असते, एक्सप्रेसएलआरएस हवंसं वाटेल तेव्हा तिथे बसेल. बोटीला नवा रिसीव्हर लागला तर धरा आणखी अडीच. एकूण साडेसत्तावीस, म्हणजे २८ धरा.

गाड्या यात धरल्या नाहीत, मुद्दामच. विमानाच्या रेडिओवर थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, दांडी जिथे सोडाल तिथेच राहते, मध्यावर परत येत नाही. गाडीला तर मधली जागा हवी: पुढे ढकललं की पळायचं, मागे ओढलं की ब्रेक आणि रिव्हर्स. शिवाय चाक आणि ट्रिगर असलेल्या पिस्तूलछाप रेडिओची ज्याला सवय आहे, त्याला दोन दांड्यांवर बग्गी वळवायला सांगा आणि गंमत बघा. तुमच्याच पत्रात आहे की दर रविवारी गाड्या चालतात आणि विमानं गेल्या वर्षात दोनदा बाहेर पडली. म्हणजे अठरा चॅनेल कशासाठी? गाडीला दोन लागतात, क्रॉलरला (खडकांवर चढणाऱ्या गाडीला) गिअर आणि डिफरन्शिअल लॉक धरून चार. तुमच्या विमानांना एलेरॉन, एलिव्हेटर, रडर (पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग), थ्रॉटल हे चार, फ्लॅप आणि चाकं धरली तर सहा. अठरा चॅनेल लागतात ते टर्बाइनच्या जेटला, नाहीतर प्रत्येक फ्लॅपला वेगळा सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटर), दारं आणि दिवे असलेल्या मोठ्या स्केल मॉडेलला. गाड्यांचे रेडिओ चालू स्थितीत आहेत. त्यांना हात लावू नका.

महाग तो जास्त टिकतो, हे इथे पडताळून बघायला हवं. रेडिओ मोडून पडतो म्हणून क्वचितच बाद होतो. बाद होतो तो प्रोटोकॉल मागे पडतो म्हणून. फ्रस्काय या रेडिओ कंपनीने २०१९मध्ये नवा प्रोटोकॉल ‘अ‍ॅक्सेस’ आणला. त्याच सुमारास जुन्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती काढली, ती पहिलीशी जुळत नव्हती, आणि लोकांना एकेक रिसीव्हर काढून अपडेट करत बसावं लागलं. दहा वर्षांचा भरवसा मी कुठल्याच बंदिस्त प्रोटोकॉलला देणार नाही. एजटीएक्स या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओला नव्या सोयी सॉफ्टवेअरमधून मिळत राहतात आणि मॉड्यूल बदलता येतं. दांड्यांखाली घासून झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरऐवजी चुंबकावर चालणारे, न घासणारे हॉल सेन्सर या स्वस्त रेडिओतही असतात. महागड्याची बांधणी सरस आहे, हातात धरला की कळतं, पण ६०च्या उधारीवर बांधणीचं सुख परवडत नाही.

तिसरं विमान हातातून गेलं, म्हणून भारी रेडिओ हवा, असं तुम्ही म्हणता. ते कसं गेलं, तेही लिहिलंय: सिग्नल तुटला आणि विमान इंजिन चालू ठेवून सरळ निघून गेलं. म्हणजे फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मॉडेलने काय करायचं, ती सोय) लावलेला नव्हता. अनेक रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची आज्ञा धरून बसतात. थ्रॉटल शून्यावर येईल असा फेलसेफ आपण लावायचा असतो आणि प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून तपासायचा असतो. उडवण्याआधी रेंज चेक, रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात, कार्बनच्या नळीपासून आणि बॅटरीपासून लांब. याला खर्च शून्य. ९०चा रेडिओ घेऊन हे केलं नाहीत तर पुढचंही विमान तसंच जाईल.

आणि ती कमाईची आशा. “हवाई छायाचित्रणाची कामं घेतली तर दोन वर्षांत रेडिओचे पैसे सुटतील.” १२२ दोन वर्षांत म्हणजे महिन्याला पाच, तेही बॅटऱ्या, मोडतोड आणि प्रवास वजा जाता. वर्षातून दोनदा विमान बाहेर काढणाऱ्याने हा आकडा कुठून आणला? त्यातून छायाचित्रणाचे ड्रोन बहुतेक स्वतःच्या बंदिस्त कंट्रोलरवरच चालतात, तुमचा अठरा चॅनेलचा रेडिओ त्यांना जोडलाच जात नाही. पैशासाठी उडवायचं तर परवाने वेगळे, विमा वेगळा. छंद म्हणून खर्च करा, माझी काही हरकत नाही. त्याला गुंतवणूक म्हणू नका.

विम्यावरून आठवलं, मुलीच्या पॉलिसीकडे येऊ. बँकेतल्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ने दिलेली आहे. वर्षाला १२०, २० वर्षं, शेवटी ४२००. “पावणेदोन पट मिळतात, वर विमाही आहे,” असं तुम्हाला सांगितलं गेलं. २४०० एकदम भरून पावणेदोन पट झाले असते तर गोष्ट आणखी वाईट, पण तुम्ही दरवर्षी भरताय, तरीही परतावा येतो जेमतेम पाच टक्के. ‘पट’ ऐकलं की माणूस वर्षं मोजायचं विसरतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

आणि विमा किती? १२००. एका वर्षाचा पगार. घराचं कर्जच २५०० शिल्लक आहे. तुम्हाला उद्या काही झालं तर या पैशातून निम्मं कर्जसुद्धा फिटत नाही, मुलीचं शिक्षण लांबच. विमानाला फेलसेफ नव्हता याची हळहळ पत्रभर आहे, घरालाही नाही हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. विमा हवा तो शुद्ध मुदतीचा, टर्म प्लॅन. मुदत संपली की हाती काही न देणारा, म्हणूनच स्वस्त. तुमच्या वयाला, निर्व्यसनी असाल आणि तब्येत ठीक असेल तर १५०००चं कवच वर्षाला २५च्या आसपास मिळायला हरकत नाही. आत्ताच्या हप्त्याच्या पाचव्या हिश्शात बारा पट कवच. मॅनेजरने हा कागद तुमच्यापुढे ठेवलाच नाही, कारण त्यात त्याला मिळणारं कमिशन किरकोळ.

दोन हप्ते भरून झालेत, २४०. ते आठवून छातीत धस्स होतं, कळतं मला. सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर, किती मिळतात आणि पेड-अप केल्यास, म्हणजे हप्ते थांबवून ती तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर किती, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घ्या. समजा तिसरा हिस्सा, ८० हाती आले. १६० बुडाले. आता आजपासून पुढचा हिशेब करा: हे ८० आणि उरलेले १८ हप्ते पॉलिसीतच ठेवले तर पुढचा परतावा सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रामाणिकपणे सांगतो, सहा टक्के म्हणजे काही दरोडा नव्हे. कार्ड फिटलेलं असतं, पुरेसा विमा असता आणि हाताशी चार महिन्यांचा खर्च असता, तर ‘चालू द्या, फक्त पुन्हा असलं काही घेऊ नका’ म्हणालो असतो. यातलं तुमच्याकडे काहीच नाही. म्हणून बंद करा. पण क्रम पाळा: आधी टर्म प्लॅनचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात, आणि मगच जुनी सोडायची. वार्षिक हप्त्याला साधारण महिनाभराची वाढीव मुदत असते, तेवढ्यात हे बसतं. अर्जात काही लपवू नका.

११०ची वाटणी अशी. ६० कार्डाला, आजच. २५ टर्मच्या हप्त्याला. उरले २५. नेमकी रेडिओची किंमत, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल, पण त्यांना हात लावायचा नाही, ती अडीअडचणीच्या गंगाजळीची सुरुवात. पॉलिसीचे १० आणि कार्डाचे ३ मोकळे झाले. त्यातले २ दरमहा पुढच्या टर्म हप्त्यासाठी, ११ गंगाजळीत. सरेंडरचे जे येतील तेही तिथेच. चार महिन्यांचा खर्च ३२० झाला की मगच मुलीसाठी गुंतवणुकीचं बोलू.

छंदाचे ७ मी काढून घेत नाही. चार महिने नवी खरेदी थांबवा, २८ जमतात. रेडिओ रोखीने घ्या, त्याच पाव किमतीचा. चार महिने रविवारी गाड्या चालवा, त्यांचे रेडिओ आहेतच.

तिसऱ्या हप्त्यासाठी बँकेतून फोन येईल. पॉलिसी मोडली तर किती नुकसान, हे मॅनेजर घोळून घोळून सांगेल. त्याला एवढंच सांगा की टक्केवारीतला वार्षिक परतावा ईमेलवर लिहून पाठव. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

तळटीपेत मोड १ घ्यावा की मोड २, असं विचारलंय. पहिल्यात थ्रॉटल उजव्या हाताला, दुसऱ्यात डाव्या. तुमच्या मैदानावर जो तुम्हाला शिकवतो, अडचणीत तुमच्या हातातून रेडिओ घेऊन विमान उतरवतो, त्याचा मोड तो तुमचा. पुढे बदलावासा वाटलाच तर या रेडिओत दांडीमागचे स्क्रू आणि मेनूतली एक सेटिंग, एवढंच काम आहे.