स्पीड लॉक काढलेली ई-बाईक आणि पालकांची जबाबदारी

प्रश्न : आम्ही साताऱ्याजवळ यवतेश्वर घाटाच्या चढावर राहतो. दहावीत शिकणाऱ्या 15 वर्षांच्या मुलीसाठी नंबरप्लेट आणि लायसन्स न लागणारी ई-बाईक घेतली. पण घाट चढताना ती फारच रेंगाळते. गॅरेजवाले मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर बदलून स्पीड लॉक काढून देतो, हवी तर मोठी मोटर बसवतो, असे म्हणतात. शेजारच्या मुलाच्या गाडीचे तसे काम झालेही आहे. आम्ही करून घ्यावे का? — एक पालक, सातारा

उत्तर : कृपया करून घेऊ नका. आपल्या गाडीला मिळालेली सवलत ती विजेवर चालते म्हणून नव्हे, तर ती कमी शक्तीची आणि संथ आहे म्हणून मिळाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच असे वाहन नोंदणीतून सुटते. लॉक काढल्याक्षणी ही गाडी नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते. 16 वर्षांच्या आत कोणतेही लायसन्स मिळत नसल्याने मुलगी विनापरवाना चालक ठरते, आणि अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. अपघातात कोणी जखमी झाल्यास भरपाईही आपल्यालाच द्यावी लागेल.

गाडी चढावर का रेंगाळते, हे समजून घेतले तर धोकाही कळेल. गाडी आणि चालक मिळून 120 किलो वजन, शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने न्यायचे, तर निव्वळ चढासाठी सुमारे 490 वॅट लागतात. नवा कंट्रोलर ही वाढीव शक्ती जुन्याच बॅटरीतून आणि जुन्याच वायरींमधून जास्त प्रवाह ओढून मिळवतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. कनेक्टर वितळतात, मोटरच्या वेटोळ्यांचे आवरण जळते. बॅटरीला जपणारे बीएमएस सर्किट वारंवार वीज तोडते म्हणून काही ठिकाणी तेच बायपास करतात, हे मला सर्वांत भयंकर वाटते; कारण लिथियम बॅटरीतील एक सेल पेटला की शेजारचे सेल पेटत जातात, आणि ती बॅटरी बहुधा घरातच चार्जिंगला लावलेली असते.

उतरताना प्रश्न ब्रेकचा येतो. वेग 25 वरून 50 वर गेला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि थांबायला लागणारे अंतरही साधारण त्याच प्रमाणात वाढते. ब्रेक, टायर आणि फ्रेम मात्र संथ गाडीच्याच राहतात.

आपल्याला घाट रोज चढायचा असेल, तर नोंदणीकृत, हिरव्या नंबरप्लेटची, पुरेशा शक्तीची ई-स्कूटर घ्या आणि मुलीला लायसन्स मिळेपर्यंत ती घरातील मोठ्यांनीच चालवावी. घेताना दुकानदाराकडून पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेच्या मान्यता-प्रमाणपत्राची प्रत मागा आणि मोटरवर कोरलेले वॅट त्याच्याशी पडताळून पाहा. शेजाऱ्यांनाही सांगा, की कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ कंट्रोलर परत बसवून घ्यावा, आणि त्याच वेळी बॅटरी, वायरिंग व ब्रेक-शूज तपासून मगच गाडी पुन्हा चार्जिंगला लावावी.