मोनेच्या कड्यांवर आईला नेऊ का?

प्रश्न: आई ६३ वर्षांची आहे, आम्ही कोथरूडला राहतो. रिटायर झाल्यापासून ती वॉटरकलर शिकतेय आणि फ्रेंच चित्रकार मोनेची समुद्रातल्या कमानींची चित्रं बघून तिनं मनात घेतलंय की तिथं एकदा जायचंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोनेसारखे चित्रकार जिथं जिथं बसले तिथून जाणारी पायवाट आहे म्हणे. आई रोज पर्वती चढते, पण उतरताना गुडघा दुखतो. जमेल का तिला?

उत्तर: ताई, जमेल, न्याच. फक्त सगळी वाट चालायचा हट्ट नको. ल आव्र या बंदरापासून निघणारा हा ट्रेल, जीआर २१, दीडशे किलोमीटरच्या वर आहे, कड्यावरून खाली गावात उतरा की परत चढा असं सारखं चालू, आणि तुम्हीच म्हणताय तसं उतारालाच गुडघा बोलतो. त्यापेक्षा मोनेच्या कमानी जिथं आहेत त्या एत्रता या एकाच गावात तीन-चार दिवस मुक्काम करा. पॅरिसच्या सँ-लाझारवरून ल आव्रची ट्रेन (हे स्टेशनही मोनेनं १८७७ मध्ये रंगवलंय, आईला दाखवा), पुढे बस.

गावाच्या दोन्ही बाजूंना पांढरे चुनखडीचे कडे आहेत. त्यातल्या आमों नावाच्या कड्यावर चॅपल आहे, तिथवर चढलात की समोर दुसऱ्या कड्याची, आवालची, कमान आणि पाण्यातला सुळका एकदम दिसतो, आईला तिथंच वही उघडू द्या. मोने तेच करायचा, एकच कमान सकाळी वेगळी, ढग आले की वेगळी, म्हणून एका वेळी पाच-सहा कॅनव्हास घेऊन फिरायचा. त्याच्याआधी चित्रकार कूर्बे १८६९ मध्ये येऊन गेला आणि देलाक्रवा या चित्रकारानं तर हे कडे जलरंगातच केलेत, ती चित्रं निघायच्या आधी आईला जरूर बघायला सांगा, तिच्या कामाची आहेत.

आता महत्त्वाचं. भरतीचं टाइमटेबल रोज बघायचं म्हणजे बघायचंच. आपल्या हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीत जात नाहीत ना, तसंच इथं कड्याखाली, आणि पाणी सात-आठ मीटर चढतं. १८८५ च्या नोव्हेंबरात मोनेनं स्वतः वेळ चुकवली, मानपोर्त नावाच्या इथल्याच दुसऱ्या कमानीपाशी लाटेनं त्याला कड्यावर आपटलं, चित्र, ईझल सगळं गेलं, दाढीत रंग भरलेला अशा अवस्थेत तो कसाबसा बाहेर आला. वर चालतानाही कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो नकोत, चुनखडी ढासळते.

आणि तिथले गोल गोटे आठवण म्हणून पिशवीत घालू नका, बंदी आहे, लाटांचा जोर तेच अडवतात.