वाचक विचारतात : प्रथिनाची गिरकी कशी मोजायची?

प्रश्न : सीरम अल्ब्युमिनला रुथेनियम कॉम्प्लेक्सचं चमकणारं लेबल लावलं. अ‍ॅनिसोट्रॉपी (लेबलच्या उजेडाचं ध्रुवण किती टिकलं त्याचं माप; प्रथिन फिरलं की ते घसरतं) जेमतेम ०.०२ आली. फ्लुरेसिन हे दुसरं चमकणारं लेबल लावल्यावर ०.३ च्या वर येत होती. प्रयोग फसला का?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, औंध

उत्तर : फसला नाही. आकडा जिथे यायला हवा तिथेच आलाय. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांच्या १९२६ च्या समीकरणात घालून बघा : लाइफटाइमला (लेबल जेवढा वेळ तेवतं त्याला) गिरकीच्या काळानं (प्रथिनाला फिरायला लागणाऱ्या वेळानं) भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि मूळ अ‍ॅनिसोट्रॉपीला (प्रथिन फिरलंच नाही तर येणाऱ्या आकड्याला) त्यानं भागायचं. अल्ब्युमिनच्या गिरकीचा काळ २० अंशांना साधारण ४० नॅनोसेकंद. फ्लुरेसिन चारेक नॅनोसेकंदांत विझतं, प्रथिन हललेलं त्याला दिसतच नाही. रुथेनियम ४०० च्या आसपास तेवतं, मूळ ०.२५ ला ११ नं भागा, ०.०२३ आले.

या लेबलचं खरं काम मोठ्या प्रथिनांवर. प्रतिपिंड चिकटून दहाएक लाख डाल्टनचा गठ्ठा झाला, गिरकी ६०० नॅनोसेकंदांवर गेली, की हाच आकडा ०.१५ होतो. फ्लुरेसिनच्या आकड्यात तेव्हा जेमतेम दहा टक्के फरक पडतो. बाल्टिमोरला लाकोविझ आणि सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास हे कॉम्प्लेक्स प्रथिनांसाठी वापरले ते याचसाठी. मात्र तिन्ही लिगँड (रुथेनियमला जोडलेले रेणू) सारखेच असलेला कॉम्प्लेक्स घेऊ नका, त्याची मूळ अ‍ॅनिसोट्रॉपी फार कमी असते. एक लिगँड वेगळा हवा, आणि उद्दीपन (लेबल चमकवायला टाकायचा प्रकाश) शोषणाच्या ४५० च्या शिखरावर न करता ४८० नॅनोमीटरला करा.

इतका लहान आकडा बिघडायला वेळ लागत नाही. विखुरलेल्या प्रकाशाची अ‍ॅनिसोट्रॉपी जवळपास १ असते. तो ३ टक्के जरी मिसळला तरी ०.०२३ चे ०.०५ होतात. रुथेनियमचा उजेड मुळात मंद, त्यामुळे हे सहज घडतं. ४८० नं उद्दीपित केल्यावर पाण्याचा रामन प्रकाश (पाण्यानं तरंगलांबी बदलून विखुरलेला) ५७४ ला पडतो, म्हणून डिटेक्टरपुढे ६०० चा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब लहरीच सोडणारा) बसवा आणि नुसत्या बफरचं रीडिंग प्रत्येक पोलरायझर-स्थितीत वजा करा. उलट, सुटं लेबल राहिलं तर आकडा खाली ओढला जातो.

ऑक्सिजनकडेही लक्ष हवं. तो लाइफटाइम खातो. नायट्रोजननं हुसकला तर ४०० चे ६०० नॅनोसेकंद होतात आणि अल्ब्युमिन ०.०१६ वर उतरतं, प्रथिनात काहीही बदललेलं नसताना! म्हणून सगळे नमुने हवेशी समतोल साधलेले आणि एकाच तापमानाचे ठेवा. नायट्रोजन वापरायचाच असेल तर पृष्ठभागावरून सोडा. द्रावणातून बुडबुडे काढले तर फेस होऊन प्रथिन बिघडतं. पुण्याच्या पावसाळ्यात थंड क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक पात्राच्या) बाहेर दव धरतं, तेही प्रकाश विखुरतं. होल्डरमध्ये कोरड्या नायट्रोजनचा झोत ठेवा.

प्रश्न : दर प्रथिनामागे किती लेबलं लागली हे २८० आणि ४५५ नॅनोमीटरच्या शोषणावरून काढलं. प्रथिन दुपटीहून जास्त भरलं. चूक कुठे?
– संशोधक विद्यार्थी, पाषाण

उत्तर : २८० मध्ये. लेबलमधल्या बायपिरिडीन लिगँडचं मोठं शोषण २८५ च्या आसपासच असतं, मोलर गुणांक (शोषणाची ताकद) ८०,००० च्या घरात. अल्ब्युमिनचा स्वतःचा जेमतेम ४४,०००. म्हणजे एकच लेबल प्रथिनापेक्षा जास्त शोषतं. लेबल ४५५ वरून मोजा (गुणांक सुमारे १४,५००), प्रथिन ब्रॅडफर्डनं (रंगावरून प्रथिन मोजायची पद्धत).

लेबल लावताना : १ मिलिलिटर अल्ब्युमिन, २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ०.१ मोलर बायकार्बोनेट, पीएच ८.३. प्रथिनाच्या रेणूंच्या आठपट लेबल म्हणजे सुमारे ०.२५ मिलिग्रॅम सक्सिनिमिडिल एस्टर (लेबलचं प्रथिनाच्या अमाइनना जोडलं जाणारं रूप), २५ मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात. तासभर हलवत ठेवा, मग सुटं लेबल वेगळं करायला जी-२५ कॉलम. ट्रिस किंवा ग्लायसिन बफर नको, त्यांचे अमाइन एस्टर गिळून टाकतात. फ्रीजरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आत ओल धरली की एस्टर मरतं.

प्रश्न : युरोपियमचं लेबल मिलिसेकंदभर तेवतं. मग गिरकीसाठी तेच का नाही?
– प्राध्यापक, हडपसर

उत्तर : एवढ्या वेळात प्रथिन हजारो वेळा फिरून झालेलं असतं, आणि युरोपियमचा उजेड मुळातच जवळपास अध्रुवित. गिरकीसाठी उपयोग नाही. प्रथिनाच्या दोन भागांमधलं अंतर मोजायचं असेल तर मात्र ते किंवा टर्बियम उत्तम.