तिसऱ्या दिवशी अर्धी किंमत, पण घड्याळ पहिल्याच दिवशी जातं

जुन्या सामानाबद्दल या वेळी इतकी पत्रं आलीत की डाग आणि पॉलिशचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण तेच विचारणाऱ्या आणखी तिघीजणी आहेत आणि सगळ्यांच्या लेकी नाहीतर सुना अमेरिकेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी म्हापश्याची. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आलेय, सहा महिने आहे. इथे शुक्रवार आला की कोपऱ्याकोपऱ्यावर इस्टेट सेलचे, म्हणजे घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढल्याचे, बोर्ड लागतात, मला आपला शुक्रवारचा बाजारच आठवतो. एका घरात गेले, दहा डॉलरची वस्तू चारला मागितली, तिथल्या मुलीने हसून नाही म्हटलं आणि घरी आल्यावर लेक माझ्यावर चिडली. इथे भाव करतच नाहीत का? आणि बाळासाठी पाळणा तिथून घेतला तर चालेल का?
— होणारी आजी

उत्तर : आजी, आधी पाळण्याचं सांगते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. घेऊ नका. एका बाजूची जाळी खाली सरकते ते जुने पाळणे लहान बाळं त्यात अडकून दगावली म्हणून अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, आणि जुन्या घरांच्या माळ्यावर नेमके तेच पडलेले असतात. गाडीतली बाळाची सीटही जुनी नको, तिच्यावर मुदतीची तारीख असते आणि ती कुठल्या अपघातातून आलीय हे कळायला मार्ग नसतो. या दोन वस्तू नव्याच घ्या.

आता भावाचं. भाव करतात, पण कधी करायचा ते दिवसावर असतं. म्हापश्याच्या बाजारात समोर बसलेली बाई स्वतःच्या पोरसातली भाजी विकते, तिचा माल आणि तिचाच भाव. इथे काउंटरवरची मुलगी घरची नसते, कंपनीची असते. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात गेलेलं असतं, मुलं चार राज्यांत पांगलेली, घर विकायचंय, मग ते अशी कंपनी बोलावतात. कंपनीची माणसं येऊन एकेक कपाट उघडतात, टेबलं मांडतात, प्रत्येक वस्तूला किंमतीची चिठ्ठी लावतात, फोटो काढून इंटरनेटवर टाकतात आणि विक्रीतून आपला हिस्सा कापून घेतात, साधारण तीस ते चाळीस टक्के, कधी जास्तही. म्हणजे पहिल्या दिवशी त्यांना चांगली किंमत हवी असते, कारण त्यांचा हिस्सा त्यावरच, आणि शेवटच्या दिवशी घर रिकामं हवं असतं, कारण उरलेलं उचलायचा खर्च आणि कटकट नको असते. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं.

बऱ्याच कंपन्यांची पद्धत अशी असते की पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी पंचवीस टक्के वगैरे कमी आणि शेवटच्या दिवशी निम्मी. प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं पण दारावर नाहीतर जाहिरातीत लिहिलेलं असतं, लेकीकडून वाचून घ्या. तुम्ही गेलात त्या घरी पहिला दिवस असणार. पहिल्या दिवशी चार वस्तू एकत्र घेऊन 'या सगळ्या मिळून किती' असं विचारलंत तर थोडं सोडतात, एकट्या वस्तूला निम्म्याहून खाली मागितलं तर त्यांना तो अपमान वाटतो. आणि काही ठिकाणी एक पेटी ठेवलेली असते, तुम्हाला परवडेल ती किंमत चिठ्ठीवर फोन नंबरसकट लिहून टाकायची, वस्तू पडून राहिली तर ते स्वतः फोन करतात. मला ही पद्धत फार आवडते, कोणाच्या तोंडावर काही बोलावं लागत नाही.

मी भावाकडे न्यू जर्सीतच एडिसनला राहिले होते तेव्हा अशा सेलला जाऊन जाऊन शिकले. एका सकाळी सव्वासातला पोचलो तर दारात आधीच तीसेक माणसं, कागदावर नाव लिहिलं, मला चौतीस नंबर मिळाला, नऊला दार उघडलं आणि पंधरा-पंधरा जणांना आत सोडायला लागले. माझा डोळा एका भिंतीवरच्या घड्याळावर होता, फोटोत बघितलेलं, साधंसुधं, लंबकाचं. मी आत गेले तेव्हा त्याच्यावर विकल्याची चिठ्ठी लागलेली. वाईट वाटलं, पण तेव्हाच ठरवलं की जी वस्तू आपल्याला खरंच हवीये तिच्यासाठी पहिल्या दिवशी लवकर जायचं आणि पूर्ण किंमत द्यायची, बाकीचं सगळं शेवटच्या दिवसावर सोडायचं. मधल्या दिवसाला मी जातच नाही.

त्याच घरात रविवारी परत गेले. हॉलमध्ये सगळे गर्दी करतात, झुंबर आणि चिनी मातीची भांडी बघत, खरी मजा गॅरेजमध्ये आणि स्वयंपाकघराच्या खालच्या कपाटात असते. तिथे एका ट्रेच्या खाली मला एक लोखंडी तवा मिळाला, बिडाचा, वर काळ्या तेलाचा जाड थर, चिठ्ठीवर अठरा डॉलर म्हणजे त्या दिवशी नऊ. उलटा करून बोटाने चोळला तर अक्षरं लागली, ग्रिसवोल्ड आणि खाली एरी. हा पेनसिल्व्हानियातल्या एरी गावचा कारखाना, १८६५ चा, १९५७ मध्ये बंद झाला, त्यांचं बीड इतकं गुळगुळीत की आंबोळी चिकटत नाही. आता असा तवा घेताना बघायचं काय, तर सपाट ओट्यावर ठेवून कडेवर दोन बोटांनी दाबायचं, डुगडुगला तर बूड वाकलंय. मग हातात लटकता धरून लाकडी चमच्याने टिचकी मारायची, घंटेसारखा वाजला तर चांगला, ठप्प वाजला तर कुठेतरी तडा आहे. गंजाला घाबरू नका, गंज घासून निघतो, तडा सांधत नाही.

विजेच्या वस्तूंचं मात्र सांभाळा. तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०, तो मोठा सुंदर मिक्सर कितीही स्वस्त मिळाला तरी गोव्यात जोडलात की जळणार, आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन वापरायचा म्हटलं तर स्वस्ताई तिथेच संपते. गाद्या, उशा, गुबगुबीत खुर्च्या अजिबात नकोत, ढेकूण बॅगेतून म्हापश्यापर्यंत येतात. रंगीत नक्षीच्या जुन्या बशा शोभेला ठेवा, त्यात जेवू नका, जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं. आणि परत काही घेत नाहीत, पैसे दिले की वस्तू तुमची, मग ड्रॉवर उघडून, झाकण काढून, उजेडात नेऊन सगळं आधी बघायचं. रोख पैसे सुट्टे करून न्या.

एक विनंती आहे. आत जाताना चपला बुटांसकट लोक बेडरूममध्ये फिरत असतात, कपाटात त्या बाईचे स्वेटर अजून घडी घातलेले असतात. घरची माणसं कधी कधी कोपऱ्यात उभी असतात. त्यांच्यासमोर वस्तूला नावं ठेवून भाव पाडू नका.

प्रश्न : आम्ही फोंड्याला घर बांधलंय. लोटलीला एक मोठं जुनं घर रिकामं होतंय, वारस सगळे पोर्तुगाल आणि कॅनडात, त्यांनी बाहेरच्या एका कंपनीला सामान विकायला दिलंय, शुक्रवार ते रविवार. शिसवी पलंग ८५ हजार सांगतात, खांबांचा. आणि एक लहान देव्हारा आहे, आत हस्तिदंताचा क्रूस. दोन्ही घेतलं तर कमी करतील का?
— फोंडा

उत्तर : क्रूस राहू द्या. कमी किंमतीत काय, फुकट दिला तरी नको. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, भारतीय हत्तीचं १९८६ पासून आणि आफ्रिकन हत्तीचंही १९९१ पासून, वस्तू कितीही जुनी असो. घरच्यांकडे पिढीजात असणं वेगळं आणि तुम्ही पैसे मोजून घेणं वेगळं. नुसता लाकडी देव्हारा आवडला असेल तर तो वेगळा मागा, पण तो कुठून आला हे विचारा, आपल्याकडे कपेलांतल्या, म्हणजे लहान चर्चमधल्या, आणि देवळांतल्या मूर्ती चोरीला गेलेल्या आहेत.

पलंगाचं म्हणाल तर आधी खाली वाका. वरून काळं पॉलिश मारलेलं सागवान शिसवी म्हणून सर्रास विकतात. पॉलिश पोचलेलं नसतं तिथे बघा, आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला किंवा पायाच्या तळाला, शिसवी तिथेही गडद, जांभळट तपकिरी असतं आणि उचलायला जड, एक बाजू एकट्याला उचलवत नाही. पायांखाली फिकट बारीक भुसा सांडलेला दिसला तर कीड अजून जिवंत आहे, जुनी भोकं रिकामी असतील तर चालतं. बोटाच्या पेराने ठोकत जा, आवाज पोकळ झाला की वाळवी. मग खांबांची उंची मोजा, जुन्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांची छपरं आपल्या स्लॅबपेक्षा कितीतरी उंच, माझ्या ओळखीच्या एकांना घरी आणल्यावर खांब कापावे लागले आणि ते बघून त्यांची आई रडली. टेंपो, चार माणसं, पलंग उकलून परत जोडणारा सुतार, हे सगळं ८५ हजारांत धरा आणि मग परवडतं का बघा.

कमी करतील का, तर रविवारी दुपारी करतील, त्यातही मे महिना असेल तर नक्की. पाऊस सुरू झाला की बंद घरात सामानाला बुरशी धरते, हे कंपनीला कळतं तसं वारसांनाही कळतं. शुक्रवारी जाऊन तुमचा आकडा नंबरसकट लिहून द्या आणि शांत राहा.

पण त्याआधी एक गोष्ट विचाराच, इन्व्हेंटरी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची यादी करून वारसांत रीतसर वाटणी, झालीय का. गोव्यात आपल्याला हे सांगायला नको, १८६७ च्या पोर्तुगीज कायद्यापासून चालत आलंय आणि आता २०१२ चा आपला वारसा कायदा २०१६ पासून लागू आहे, मुलांचा हक्क ठरलेला आणि नवराबायकोचा अर्धा अर्धा. कॅनडातल्या एकाने सही केली आणि लिस्बनच्या बहिणीला पत्ताच नाही असं झालं तर पलंग तुमच्या माडीवर आणि वकिलाची नोटीस तुमच्या दारात. सगळ्या वारसांच्या संमतीने कंपनीला दिलंय हे लेखी दाखवा म्हणा, आणि वस्तूचं वर्णन लिहिलेली पक्की पावती घ्या. खरी कंपनी असेल तर ती यात कुरकुर करत नाही.

प्रश्न : मडगावला अशाच एका सेलमध्ये चांदीचे म्हणून बारा चमचे घेतले, मागे इ.पी.एन.एस. असं कोरलंय. फसलो का? लंडनला भावाला पाठवायचे होते.
— नावेली

उत्तर : ते चांदीचे नाहीत, निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा आहे, त्या अक्षरांचा अर्थच तो, इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. स्टर्लिंग म्हणजे खऱ्या चांदीवर बऱ्याचदा ९२५ असतं, पोर्तुगीज चांदीवर बऱ्याचदा गरुडाचं डोकं आणि ८३३. चांदीच्या भावाने पैसे दिले असतील तर पावती घेऊन जा आणि भांडा, पावतीवर 'चांदी' लिहिलंय का ते आधी बघा. वापरायला मात्र छान असतात, भावाला आवडतील. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून कुरियरवाल्याने वयाचा प्रश्न काढला तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो.

प्रश्न : सेलमधून लिहायचं टेबल घेतलं, घरी आणून वरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला तर मागे पोर्तुगीज पत्रांचा जुडगा पडलेला, रिबिनीने बांधलेला, एका लहान मुलीचा फोटोही आहे. कंपनी म्हणते टेबलासकट तुमचंच. काय करू?
— साळगाव

उत्तर : रिबीन सोडू नका, कागद ठिसूळ झालेला असतो, घडीवर तुटतो. प्लास्टिकच्या पिशवीतही घालू नका, आपल्या हवेत आत घाम धरतो, साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा. कंपनीला म्हणा की घरच्यांचा नंबर नको, पण माझा नंबर आणि फोटोचा फोटो त्यांना पाठवा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर येतं, कधी महिन्याने, कारण सामान विकायची घाई झालेली असते तेव्हा ड्रॉवरच्या मागे कोणी हात घातलेला नसतो. कोणाचंच उत्तर आलं नाही तर पणजीला पुराभिलेख खात्यात जाऊन विचारा, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतुने १५९५ मध्ये सुरू केलेलं दफ्तर आहे ते, पोर्तुगीज वाचणारी माणसं तिथे असतात. पण तीनेक महिने थांबा. ती पत्रं आपण कुठे ठेवली होती ते फोटोतल्या त्या मुलीला आठवत असेल.